जुना बर्बर गालिचा धुवायला काढू नका, अंथरून वापरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर लोकरी गालिच्यांच्या साफसफाईबद्दल जो मजकूर आला त्यावर हे पत्र आहे, थोडं लांब होईल, जागा नसेल तर मधलं कापा पण सोड्याचं तेवढं कापू नका. त्यात लिहिलं होतं की गालिचा कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजवा, सकाळी ब्रशनं घासा आणि कडक उन्हात दोरीवर वाळत घाला. अहो साहेब, सतरंजीला हे चालून जाईल, पण हाताने विणलेल्या जुन्या लोकरी गालिच्याला यातली एकही गोष्ट चालत नाही, आणि फोटो नेमका तुम्ही मोरोक्कोतल्या बर्बर गालिच्याचा छापला, पांढऱ्यावर तपकिरी चौकटींचा, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की हे सगळं त्यालाच सांगितलंय.

माझं अमळनेरला रफू आणि ड्रायक्लीनचं छोटं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. शालू, पैठण्या, कोट, लग्नातल्या शेरवान्या हे आमचं रोजचं काम, गालिचे पूर्वी क्वचित यायचे. आता येतात. मुलं पुण्याला, दुबईला, जर्मनीला, कोणी मोरोक्को फिरायला जातं, कोणी ऑनलाईन मागवतं, आणि घरी आईवडिलांना गिफ्ट म्हणून एक जाडजूड गुंडाळी येऊन पडते. शेजारीण येते, "ओ माय, हाई काय शे?" म्हणते, मग किंमत कळते आणि तिथून पुढे त्या गालिच्याचं नशीब फिरतं. एक तर महागाची वस्तू म्हणून तो दिवाणात जातो आणि दिवाळीशिवाय बाहेर निघत नाही, नाहीतर कोणीतरी म्हणतं की जुना आहे, कोणी वापरलेला असेल, आधी स्वच्छ धुऊन घ्या. या दोन्हीनं तो मरतो. पायाखाली घेऊन मेलेला गालिचा माझ्याकडे फार कमी आला, पाण्यानं आणि पेटीनं मेलेलेच जास्त.

आपली सवय कुठून आली हे मला कळतं. खान्देश कापसाचा मुलूख, आमच्या गावात तर प्रताप मिल होती, निम्म्या घरांत कोणीतरी मिलमध्ये. कापूस म्हणजे झाडाचा धागा, तो ओला झाला की उलट मजबूत होतो, गरम पाणी सोसतो, सोडा सोसतो, आपटलं तरी सोसतो. म्हणून धुणं म्हणजे आपल्याला तेच माहीत. लोकर म्हणजे मेंढीचे केस. ती प्रोटीनची असते, भिजली की कमजोर पडते, आणि सोड्यासारखा क्षार तिला अक्षरशः खाऊन टाकतो, ब्लिचिंग पावडरचं पाणी तर थोडा वेळ दिलं तर लोकर विरघळवून टाकतं. शिवाय लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि सगळं आवळून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा घट्ट थर, होतो, मग तो परत मोकळा होत नाही, कोणत्याच दुकानात होत नाही, पैसे कितीही द्या.

लेख आल्यानंतर त्याच आठवड्यात एक गालिचा रिक्षातून गोणपाटात घालून आला. अजून ओला होता. दोघांनी उचलून आत आणला, पाणी रस्ताभर गळत आलेलं. क्रीम रंग पिवळा पडला होता, लव, म्हणजे वरचे उभे लोकरीचे केस, जी मऊ आणि लांब असायला हवी ती जागोजाग गुठळ्या होऊन बसली होती, तपकिरी रेघा कडेनं फुटल्यासारख्या, आणि मी एका टोकाला चिमटीत धरून नुसतं चोळलं तर धागा पिठासारखा हातात आला. बाई रडकुंडीला आलेल्या, म्हणाल्या पेपरात आलं होतं. मी काय बोलणार. म्हणून म्हणते की सोड्याचं कापू नका.

आता हा गालिचा असतो तरी काय ते थोडं सांगते, कारण ते कळलं की काळजी कशी घ्यायची ते आपोआप कळतं. मोरोक्कोत ॲटलास नावाचे डोंगर आहेत, हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो. तिथले बर्बर लोक, ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, मेंढ्या पाळतात, आणि गालिचे विणतात त्या बायका, घरातच, उभ्या मागावर. मूळचे विकायला नाही, घरासाठी. अंथरायला, पांघरायला, थंडीत अंगाखाली आणि अंगावर. म्हणून मिडल ॲटलासमधल्या बेनी ऊरैन लोकांच्या गालिच्याची लव एवढी लांब आणि जाड असते, आणि पांढरा-तपकिरी हा बहुतेक वेळा मेंढीचाच रंग असतो, रंगवलेला नसतो. हाय ॲटलासमधले अझिलालचे गालिचे पांढऱ्यावर रंगीबेरंगी, बुजादचे लाल-गुलाबी-जांभळट, ताझनाख्तकडचे पिवळे-केशरी. जुन्या काळी मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल, मेंदी असे रंग वापरायचे, पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून केमिकल रंग तिकडेही पोचले, त्यामुळे जुना म्हणजे नैसर्गिक रंगाचाच असं धरून चालू नका. आणि एक प्रकार असतो बुशरवीत, त्यात लोकर संपली किंवा परवडेना म्हणून फाटक्या कपड्यांच्या चिंध्या विणतात, बघितला की आपली गोधडीच आठवते. तो लोकरी नाही, त्याला खालचे सगळे नियम लागू नाहीत.

चौकटी आणि नागमोडी रेघांचा अर्थ विचारला की विकणारा प्रत्येक रेघेची एक गोष्ट सांगतो, ही डोळ्याची, ही नजर लागू नये म्हणून, ही संततीची. काही खरं असेलही, पण विणणारी प्रत्येक बाई आपल्या मनानं भर घालते, आणि गोष्टीनं किंमत वाढते हे दुकानदाराला तिथंही कळतं आणि आपल्याकडेही.

ओळखायचं कसं, हे लोक फार विचारतात. गालिचा उलटा करा. हाताने विणलेल्यात पाठीमागे गाठींच्या ओळी दिसतात, त्या थोड्या वाकड्यातिकड्या असतात, रुंदी दोन्ही टोकांना सारखी नसते, मधेच तपकिरीचा रंग बदलतो कारण दुसऱ्या मेंढीची लोकर लागली. पाठीला रबरासारखा डिंक आणि वर जाळी चिकटवलेली असेल तर तो हातानं गाठी मारून विणलेला नव्हे. बाजारात बर्बर कार्पेट म्हणून रोलमध्ये फूटावर मिळतं ते बहुतेक नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीनचं असतं, वाईट नसतं, ऑफिसला छान, पण त्याचा आणि ॲटलासच्या बायकांचा काही संबंध नाही. झालरीतला एखादा सुटा धागा जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते, प्लास्टिक असेल तर वितळून कडक मणी होतो. आणि व्हिंटेज म्हणून घेताना लव बोटांनी फाकवून मुळापर्यंत बघा. वापरानं आणि उजेडानं जुना झालेला गालिचा वर फिका आणि मुळाशी गडद असतो, हळूहळू उतरत गेलेला. नवा गालिचा क्लोरीननं मारून जुना केला असेल तर तो हाताला कोरडा आणि खरबरीत लागतो, त्यातलं लोकरीचं तेल गेलेलं असतं. असा गालिचा फार टिकत नाही, स्वस्तात मिळाला तरी.

ते लोकरीचं तेल, लॅनोलिन, हे फार कामाचं. त्याच्यामुळे चहा सांडला तर लगेच आत जात नाही, क्षणभर वर थेंबासारखा थांबतो, धूळही एकदम चिकटत नाही. म्हणजे गालिच्याला स्वतःचंच थोडं संरक्षण असतं आणि आपण पावडर घालून घालून तेच काढून टाकतो. सारखं सारखं ड्रायक्लीन केलं तरी ते जातं. मी ड्रायक्लीनवाली असून सांगते, माझ्याच धंद्याचं नुकसान करून.

मग स्वच्छता कशी ठेवायची. धूळ, खरी दुश्मन ती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वावटळी सुटल्या की घरात वाळूच वाळू, ती बारीक खडी लवेच्या मुळाशी जाऊन बसते आणि पाय पडला की धाग्याला आतून कापते. म्हणून आठवड्याला व्हॅक्यूम क्लीनर फिरवा, पण नुसत्या ओढीवर, फिरता ब्रश असेल तर तो बंद करा, नाहीतर तो लव उपटून काढतो. लव ज्या बाजूला झुकते त्या बाजूनं फिरवा. झालरीवरून फिरवू नका. व्हॅक्यूम नसेल तर मऊ झाडू, खराटा नको. आणि दोन-तीन महिन्यांनी गालिचा पालथा करून पाठीवरून एकदा व्हॅक्यूम फिरवा, मग उचला, खाली फरशीवर जो ढीग दिसेल तो बघून तुम्हाला स्वतःलाच पटेल.

झटकण्याचं म्हणाल तर दोघांनी दोन टोकं धरून फाडकन झटकायचं ही जी आपली चादरीची पद्धत आहे ती नको, जुन्या गालिच्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, त्यानं तुटतो. घरात बाज असेल ना, सुंभाची किंवा नवारीची, तिच्यावर गालिचा पालथा अंथरा आणि वरून हातानं किंवा पातळ छडीनं हलक्या हातानं थापटा. धूळ बाजेच्या फटीतून खाली जाते आणि गालिच्यावर ताण येत नाही. बर्बर बायकांकडे बाज असते का मला माहीत नाही, पण या गालिच्यासाठी यापेक्षा चांगली सोय मी बघितलेली नाही. शहरात गेलेल्यांनी बाजा भंगारात दिल्या, आता कार्पेट झटकायला स्टँड शोधतात.

ऊन द्या, पण बेतानं. सकाळचं कोवळं, तासभर, पालथा घालून. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा गच्चीवर दुपारभर टाकलेला गालिचा रंगानं उडतो आणि लोकर ठिसूळ होते. ज्यांच्या घरात पश्चिमेच्या खिडकीतून रोज ऊन येतं त्यांनी सहा महिन्यांनी गालिचा फिरवून घ्यावा, या टोकाचं त्या टोकाला, म्हणजे फिका पडला तरी सारखा पडेल आणि एकाच जागी पाय पडून झिजणारही नाही. गुळगुळीत टाइल्सवर खाली फेल्ट किंवा जाळीचं अस्तर टाका, घसरत नाही आणि पाठ घासत नाही.

कूलर. हे दुसरीकडचे लोक सांगणार नाहीत पण आपल्याकडे सगळ्यांत मोठी भानगड हीच आहे. मार्च संपला की घरोघरी खिडकीला कूलर लागतो, आणि हॉलमध्ये कूलरच्या बरोबर समोर गालिचा, कारण बसायची जागा तीच. ओल्या गवतातून येणारी हवा दिवसरात्र त्याच्यावर, कधी पंपातून तुषारही उडतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पिऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून कळतच नाही. मग एक दिवस कोंदट वास येतो, पाठीला काळे ठिपके दिसतात. उभे धागे सुती असतील तर बुरशी तिथंच आधी धरते. कूलरच्या सीझनला गालिचा दुसऱ्या खोलीत हलवा, नाहीतर निदान झोतातून बाजूला घ्या.

आता पेटीचं आणि दिवाणाचं. कसर लागली म्हणतात ना, ती कसर म्हणजे एका छोट्या सोनेरी पतंगाच्या अळ्या. पतंग जेमतेम बोटाच्या नखाच्या निम्मा, तो स्वतः काहीच खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं, पण मादी लोकरीत चाळीस-पन्नास अंडी घालते आणि अळ्या लोकर खातात. दिव्याकडे जाणारा पतंग हा नव्हे, हा उजेडापासून पळतो. अंधार, शांतता आणि न हलवलेली लोकर, त्याला एवढंच पाहिजे. म्हणजे आपला दिवाण. आणि गालिच्याला घाम, दूध, वरणाचा डाग असेल तर त्यांची मेजवानीच.

एक गालिचा असाच दिवाणातून निघालेला माझ्याकडे आला. वरून बघितला तर चांगला, घडीच्या आत तळहाताएवढी जागा पूर्ण बोडकी, नुसते उभे-आडवे धागे उरलेले, लव गायब. आणि त्याच्या भोवती बारीक वाळूसारखं काहीतरी, गालिच्याच्याच रंगाचं, क्रीम. मालक म्हणाले धूळ असेल. ती धूळ नव्हती, अळ्यांची विष्ठा होती, खाल्ली त्या रंगाचीच पडते. पांढरट जाळीच्या छोट्या नळ्याही चिकटलेल्या होत्या. हे दिसलं की समजायचं की अळ्या अजून आत आहेत, आणि तो गालिचा बाकीच्या लोकरी कपड्यांपासून ताबडतोब वेगळा करायचा.

डांबरगोळ्या टाकल्या होत्या की, असं सगळेच म्हणतात. डांबरगोळीचा वायू गच्च बंद जागेत साठला तरच काम करतो, दिवाणाच्या फटींतून तो निघून जातो आणि वास तेवढा उरतो, शिवाय लहान मुलांच्या घरात ती गोळी मला पटत नाही. कडुनिंबाचा पाला टाकायची आपली जुनी पद्धत आहे, वासानं थोडा फार फरक पडत असेल, पण अंडी त्यानं मरत नाहीत, आणि ओला पाला टाकला तर हिरवे डाग वेगळे. खात्रीचा उपाय थंडीचा. गालिचा लहान असेल तर प्लास्टिकमध्ये हवा काढून गच्च बांधायचा आणि उणे अठरा डिग्रीच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर हवेतलं पाणी गालिच्यावर धरतं. आईस्क्रीमवाला ओळखीचा असेल तर थंडीच्या दिवसांत त्याचा फ्रीझर रिकामाच असतो. एका गृहस्थांनी मला विचारलं की रावेरला आमच्या भाच्याचं केळीचं कोल्ड स्टोरेज आहे तिथं ठेवू का. नको. केळीला तेरा-चौदा डिग्री ठेवतात, त्यात कसरीला काही होत नाही, फार तर थोडी सुस्तावेल.

पण हे सगळं करण्यापेक्षा गालिचा अंथरलेला असला, त्यावर माणसं बसली, मुलं लोळली, आठवड्याला झाडला गेला तर कसर सहसा लागत नाही. फक्त सोफ्याखालचा आणि पलंगाखालचा भाग विसरू नका, अळ्या बहुतेक तिथंच असतात, मधोमध क्वचितच.

पावसाळ्यात ठेवायचाच असेल तर घडी घालू नका, गुंडाळा. घडीवर धागे मोडतात. कापडाच्या दुकानात तागा संपला की पुठ्ठ्याची नळी उरते, ती फुकट देतात, तिच्यावर जुनं धुतलेलं धोतर गुंडाळून मग गालिचा लवेच्या दिशेनं गुंडाळायचा आणि वरून सुती चादर. प्लास्टिक नको, आत घाम धरतो. आडवा ठेवा, कोपऱ्यात उभा केला की स्वतःच्याच वजनानं खाली बसतो. आणि ठेवायच्या आधी साफ केलेला, पूर्ण कोरडा असला पाहिजे, पाऊस उघडला की मधेमधे उलगडून वारा द्यायचा.

डाग पडला तर. आपल्याकडे काय सांडणार, चहा, वरण, भरीताचं तेल, शेवभाजीचा रस्सा. पहिली गोष्ट चोळू नका. पांढरं सुती फडकं घ्या आणि दाबून टिपा, फडकं बदलत राहा, डागाच्या बाहेरून आतल्या बाजूला. मग गार पाण्यात पिळलेलं फडकं, परत कोरडं. रस्सा किंवा तेल असेल तर आधी वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, काही तास राहू द्या, तेल ओढून घेतं, मग व्हॅक्यूम. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो हे प्रत्येक बाईला माहीत आहे, तो साबणातला खार असतो, आणि तोच खार लोकरीला लागत असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी बास. हळद बाकी उन्हानं उडते, साबण न लावता पुसून थोडं सकाळचं ऊन दाखवा. लहान मुलानं शू केली तर लगेच टिपून पाच भाग पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर घालून त्यानं पुसा, वासही जातो.

रंगीत गालिचा असेल तर कशालाही हात लावायच्या आधी पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर घरी पाण्याला हातच लावू नका.

एवढं करून काही वर्षांनी एकदा पूर्ण धुवावा लागलाच तर तो लोकरीचे गालिचे हातानं धुणाऱ्याकडेच द्या, वॉशिंग मशीनमध्ये नाही, गाड्या धुतात त्या प्रेशरच्या पाण्यानं तर मुळीच नाही, हे मी बघितलंय म्हणून सांगते. घरीच करायचं धाडस असेल आणि गालिचा लहान, बिनरंगी, मजबूत असेल तर फेब्रुवारीत करा, हवा कोरडी असते आणि ऊन मारकं नसतं. गार पाणी, त्यात रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठी मिळणारं लिक्विड. साधी पावडर नको, तिच्यात डाग काढायला एन्झाइम असतात, ते दुधाचं रक्ताचं प्रोटीन फोडतात आणि लोकरही प्रोटीनच आहे, त्यांना फरक कळत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो, त्या पाण्यात साबण फुटतो आणि चिकट मेण होऊन लवेत अडकतो, म्हणून शेवटचं पाणी तरी नळाचं किंवा आरओचं घ्या, त्यात चमचाभर व्हिनेगर. तळव्यानं दाबून पाणी काढा, पिळू नका. दोरीवर टाकू नका, ओल्या गालिच्याचं वजन एवढं असतं की मधला ताणा तुटतो. परत बाजच. सावलीत, पंखा लावून, दोन्ही बाजूंनी, आतून पूर्ण सुकेपर्यंत.

आणि यातलं काही शिकायला मोरोक्कोला जायची गरज नाही असं माझं मत आहे. साक्रीकडचे ठेलारी, आपले धनगर, मेंढ्या घेऊन फिरतात त्यांच्या खांद्यावरची घोंगडी बघा. तिच्यावर बसतात, झोपतात, पावसात डोक्यावर घेतात, सकाळी झाडून उन्हात टाकतात आणि वर्षानुवर्षं वापरतात. दर आठ दिवसांनी तिला साबण लावत नाहीत आणि पेटीतही घालत नाहीत. लोकर कशी वागवायची हे त्यांना विचारलं पाहिजे, पण आपण त्यांच्या लोकरीला कवडी मोल देतो आणि परदेशातून आलेल्या गालिच्यासाठी यूट्यूब बघतो. तुमच्या वार्ताहरानं एखाद्या ठेलारी वाड्यावर जाऊन त्या म्हाताऱ्या बायांशी बोलून पानभर छापलं तर मी ते कात्रण दुकानात लावीन.

तूर्त एवढीच विनंती की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात खुलासा छापा की लोकरीच्या गालिच्याला सोडा, गरम पाणी आणि ब्लीच लावू नये. आतल्या पानावर खाली कोपऱ्यात दोन ओळी नकोत, लेख जिथं वाचला तिथंच लोकांना तो दिसला पाहिजे.

आपली,
एक वाचक, अमळनेर

ता.क. झालरीबद्दल राहिलं. झालर म्हणजे शोभेला लावलेली किनार नव्हे, गालिच्याचे उभे धागेच टोकाला सुटलेले असतात. ती विरली, मळली म्हणून कात्रीनं सरळ करून आणतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांत गालिचा त्या टोकानं उसवायला लागतो. कापू नका. टोकाची वीण सुटायला लागलेली दिसली की तेव्हाच रफूवाल्याकडे न्या, आणि तो नायलॉनचा दोरा काढायला लागला तर थांबवा, लोकरीचाच धागा लावायला सांगा, नायलॉन जुन्या लोकरीला कापतो.